लाल देठ

मार्चमध्ये तो ऐगळीला आला, एर्मेस,
वायनरीच्या जीपमधून, मानेवर ओला पंचा टाकून.
पासष्टीचा असेल. बुटांवर आदल्या कुठल्यातरी बागेचा
चिखल वाळून पांढरा झालेला.
आप्पांनी आधी बूट पाहिले, मग हात पुढे केला.

मी दोघांच्या मधे.
माझं इंग्रजी चिक्कोडीच्या कॉलेजातलं,
त्याचं त्याहून मोडकं,
त्यामुळे खोटं बोलण्याइतके शब्द कुणाकडेच नव्हते.

शिराझच्या तिसऱ्या ओळीत दोघांनी एकेक मणी तोडला,
गर गिळला, बी दाताखाली धरलं.
कट्.
मग एकमेकांना चार बोटं दाखवली.
चार दिवस. इथं माझं काही काम पडलं नाही.

बांधावर बसून त्यानं घर सांगितलं:
गोरिझियाजवळची टेकडी, सहा एकर वेली,
पणजोबांच्या हातची लाकडी पिंपं,
आणि सत्तेचाळीस साली कुणीतरी चुना घेऊन आलं
नि ओळींच्या मधूनच पांढरी रेघ मारत गेलं.
विहीर अलीकडे राहिली. आत्या पलीकडे.
"आजोबा चार देशांत राहिले, घर न सोडता."

आप्पा हसले. म्हणाले, सांग त्याला,
माझा बाप मुंबई इलाख्यात जन्मला,
म्हैसूर राज्यात त्याला नातवंडं झाली, कर्नाटकात गेला.
ती बाभळ बघ म्हणावं, तिच्याखालीच सगळं.
लगमव्वानं पाटी उतरवली. "एनंतार?"
तिला कन्नडात सांगितलं.
"अल्लीनू हिंगेना?" म्हणाली, आणि पुन्हा ओळीत शिरली,
जणू शेजारच्या गावची भाऊबंदकी ऐकली.

निघताना त्यानं पिशवीतून बाटली काढली,
दोन्ही हातांनी दिली. त्याच्या घरची.
त्या द्राक्षाचा देठसुद्धा पिकताना लाल होतो, म्हणाला,
वेल लाजल्यासारखी दिसते.
आव्वा दारातच उभी. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची होती.
"ते घरात नको."
वीस वर्षांचं भांडण आमचं, पाठ झालेलं:
आम्ही द्राक्ष विकतो, आप्पा म्हणतात.
कुणाला, आव्वा म्हणते.

आप्पांनी बाटली उन्हाकडे धरली.
"चव कशी असते, विचार."

एर्मेस बराच वेळ गप्प. मग चेरी म्हणाला,
एका फुलाचं नाव घेतलं, ते मला कळलं नाही,
आणि लोखंड.
मी कधी न घेतलेली चव
कधीच न घेणाऱ्याला सांगायची होती.
म्हटलं, आप्पा, खानापूरकडचं जांभूळ, पण सालीशी.
चिंचेचा कोवळा पाला.
आणि शेवटी, विळा धुऊन
चुकून ओठाला लागावा, तसं काहीतरी.
आप्पांनी मान हलवली. पटलं की कंटाळले, कळलं नाही.

बाटली गोडाऊनमध्ये गेली,
गंधकाच्या डब्यामागे, हिशोबाच्या वह्यांवर आडवी.
सहा खरड छाटण्या झाल्या. सहा गोडी छाटण्या.
एका पत्रात त्याच्या पुतणीनं कळवलं, काका गेले,
ओळींची वाटणी अजून चालू आहे.
आप्पांनी पत्र दोनदा वाचून घेतलं, "वाटणी" पाशी थांबून.

त्या मे महिन्यात पत्रे तापले,
बूच आपोआप वर आलं.
सकाळी पाहिलं तर दोन हजार अठराची वही भिजलेली,
साखरेचे आकडे जांभळे झालेले,
खालच्या दोन ओळी वाचायलाच येईनात.
आव्वाला कळायच्या आत पुसू, म्हटलं.

आप्पांनी पानावर बोट टेकवलं,
नाकाशी नेलं, डोळे मिटले.
बाहेर लगमव्वा मोटर चालू करत होती.

"विळा," ते म्हणाले. "बरोबर सांगितलं होतंस."

मग हात धुवायला गेले.
गाळलेल्या पाण्याचा एक तांब्या,
मग आणखी एक.